दोष आणि निदान

जुनी मोटार पूर्वीपेक्षा अधिक पेट्रोल खाऊ लागली, म्हणजे घरात पाहता पाहता तीन पक्ष उभे राहतात. तरुण पक्ष म्हणतो, गाडी म्हातारी झाली. तिला मोडीत काढा आणि नवी घ्या. वडील पक्ष म्हणतो, गाडीस काही झालेले नाही. हल्लीचे पेट्रोलच निकस झाले आहे. आणि तिसरा पक्ष, ज्याच्या हाती बहुधा घरखर्चाची वही असते तो, म्हणतो की, दर खेपेस पैसे घेऊन काहीच न करणारा तो मिस्त्रीच लबाड आहे. या तिन्ही पक्षांत एका गोष्टीपुरते पूर्ण ऐकमत्य असते. ती ही की, दोष कोणाचा हे आपणांस आधीच ठाऊक आहे. गाडी खरोखर किती पेट्रोल खाते हे मोजलेले मात्र कोणीच नसते.

विषय क्षुल्लक आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्या रीतीने मनुष्य आपल्या गाडीचा न्याय करतो, बहुधा त्याच रीतीने तो आपल्या नोकराचा, मुलाचा, शेजाऱ्याचा आणि सरकारचाही न्याय करीत असतो. गाडीच्या बाबतीत सोय एवढीच की, ती रागावत नाही, रडत नाही आणि आपली बाजू मांडावयास वकील देत नाही. त्यामुळे आपल्या न्यायबुद्धीचे खरे स्वरूप तिच्यापुढे उघडे पडते. दोष देणे आणि कारण शोधणे या दोन क्रिया वरवर एकसारख्या दिसत असल्या तरी त्या एक नव्हेत. दोष देणाऱ्यास कोणीतरी अपराधी हवा असतो आणि तो सापडला की त्याचे काम संपते. कारण शोधणाऱ्याचे काम उपाय लागू पडेपर्यंत संपत नाही. या दोन वृत्तींतील अंतर किती, आणि पहिलीस दुसरीचे नाव देऊन आपण किती वेळा समाधान मानतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

निदानाचा पहिला धर्म मोजणी हा होय. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा हा वृद्धांच्या आठवणीसारखा असतो. ढोबळ मानाने खरा, तपशिलात बेभरवशाचा. पंपावरची तोटी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा, दोनतीनशे किलोमीटर गाडी नित्याप्रमाणे चालवावी, त्याच पंपावर त्याच रीतीने टाकी पुन्हा भरावी, आणि चाललेल्या अंतरास भरलेल्या लिटरांनी भागावे. ज्याला लोकभाषेत गाडीचे अ‍ॅव्हरेज म्हणतात ते हेच. आणि तेही एका खेपेचे घेऊन चालत नाही, तीनचार खेपांचे पाहावे लागते. कित्येकदा या पहिल्याच पायरीवर खटला निकालात निघतो. मूळ मापाहून मोठे टायर बसविलेले असले, तर तेच अंतर चाक कमी फेऱ्यांत तोडते, मीटर कमी किलोमीटर दाखवितो, आणि निर्दोष गाडी खादाड ठरते.

मोजणीबरोबरच तुलना कशाशी करावयाची हेही ठरवावे लागते. कंपनीच्या जाहिरातीतील आकडा हा प्रयोगशाळेतील असतो. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी फिरत्या रुळांवर उभी करून, ठरीव वेगाने, ठरीव वेळ चालवून तो काढतात. तेथे खड्डा नाही, खिंड नाही, समोरून येणारी म्हैस नाही. त्या आकड्याशी आपल्या गाडीची तुलना करणे म्हणजे संसारी गृहस्थाची तुलना धर्मशास्त्रातील आदर्श पुरुषाशी करून त्याला पतित ठरविण्यासारखे आहे. गाडीची न्याय्य तुलना एकच: तिची स्वतःची कालची चाल आणि आजची चाल.

येथे आणखी एक हिशेबी भ्रम सांगण्याजोगा आहे. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी १६ वर आली तर आपण हळहळतो. १२ देणारी १० वर आली तर, दोनाचाच तर फरक, असे म्हणून सोडून देतो. परंतु शंभर किलोमीटरांचा हिशेब मांडून पाहावा. पहिल्या गाडीस ५ लिटरांच्या जागी सव्वासहा लिटर लागू लागले, म्हणजे सव्वा लिटर अधिक. दुसरीस सुमारे ८.३ लिटरांच्या जागी १० लिटर, म्हणजे दीड लिटरांहूनही अधिक. जो आधीच खाली आहे त्याची लहानशी घसरण वर असलेल्याच्या मोठ्या घसरणीहून महाग पडते. हा नियम मोटारीपुरताच खरा आहे असे आम्हांस वाटत नाही.

मोजणीने तूट खरी ठरली, म्हणजे मग कारणाचा प्रश्न येतो. येथे पदार्थविज्ञानाचा एक साधा सिद्धान्त नीतिशास्त्राच्याही उपयोगी पडतो. शक्ती नाहीशी होत नाही. ती कोठे तरी जाते. म्हणून, पेट्रोल कोणी खाल्ले, असा प्रश्न न करता, ते गेले कोठे, असा प्रश्न करावा. जाण्याचे मार्ग मोजके आहेत. एक, ते जळण्यापूर्वीच गळून वा उडून गेले असेल. दोन, ते जळले, पण नीट जळले नाही: चोक अडकून राहिला, कार्ब्युरेटरातील तरंगी बिघडली वा जेट झिजले, ठिणगी अवेळी पडू लागली, किंवा नव्या धर्तीच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर खोटी साक्ष देऊ लागला, तर पेट्रोल गरजेहून अधिक खर्ची पडते. तीन, ते नीट जळले, पण निर्माण झालेली शक्ती वाटेत घर्षणाने गिळली: टायरांत हवा कमी, चाकांची दिशा बिघडलेली, ब्रेक धरून राहिलेला, क्लच निसटणारा. चार, शक्ती चाकांपर्यंत पोहोचली आणि खरेच अधिक काम झाले: चढ अधिक, ओझे अधिक, वेग अधिक, गारव्याचे यंत्र सतत चालू. आणि पाच, इंधनाच्या लिटरातच मुळी उष्णता पूर्वीपेक्षा कमी असेल. इंजिनाच्या उत्तम स्थितीतही पेट्रोलातील उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येतो. उरलेली धुराड्यातून आणि पाण्याच्या टाकीतून वाऱ्यावर जाते. अशा तुटपुंज्या मिळकतीच्या संसारात वाटेतली लहानशी चोरीही मोठी भासावी यात नवल नाही.

आता या पाच मार्गांपैकी खरा कोणता हे ओळखावयाचे कसे? आमच्या नैयायिकांनी कारणाचा विचार करताना कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण घेतले आहे. घट उत्पन्न होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव हजर होते हे खरे; पण म्हणून ते घटाचे कारण नव्हे. माती अन्य रीतीनेही आणता आली असती. अशा उपटसुंभ पूर्वगामी गोष्टीस त्यांनी अन्यथासिद्ध असे नाव दिले. जे असता कार्य असते आणि जे नसता कार्य नसते तेच कारण, हा अन्वयव्यतिरेकाचा दंडक त्यांनी घालून दिला. आणि जॉन स्टुअर्ट मिल्ल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात ज्या पद्धती सांगितल्या त्यांचा गाभाही याहून फारसा निराळा नाही. आयुर्वेदाने तर निदानाच्या पाच अंगांत उपशय हे एक अंगच मानले आहे: रोग गूढ असेल तेव्हा औषध देऊन पाहावे, आणि उतार पडतो की नाही यावरून रोग ओळखावा. मात्र या सर्वांस एक अट आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जो गृहस्थ एकाच दिवशी प्लग, फिल्टर, तेल आणि टायर बदलतो, त्याची गाडी सुधारलीच तरी त्याला ज्ञान काही मिळत नाही. पुढल्या वर्षी तो पुन्हा तितकाच अज्ञ आणि तितकाच खर्चिक राहतो.

गाडीच्या खटल्यातील गाढव म्हणजे एअर फिल्टर होय. तो दिसावयास मळका, काढावयास सोपा आणि बदलावयास स्वस्त. म्हणून प्रत्येक वेळी तोच प्रथम पकडला जातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तो बराच कोंदला असेल तर अपराधी असू शकतो, कारण हवा अडली की पेट्रोलाचे प्रमाण वाढते. पण ज्या गाड्यांत संगणक आत येणारी हवा मोजून त्या मानाने पेट्रोल सोडतो, त्यांत मळक्या फिल्टराने गाडीचा जोर घटतो, इंधनाचा खर्च फारसा वाढत नाही, असे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ सालच्या चाचण्यांत दिसून आले. तोच आरोपी, तोच मळ. पण एका घरात तो दोषी आणि दुसऱ्या घरात निर्दोष. केवळ तोंडावळ्यावरून अपराधी ठरविणाऱ्या सर्वांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या सामान्य विवेचनास एक प्रत्यक्ष उदाहरण जोडतो. नागोठणे आणि रोहे यांच्या मधले निडी हे रेल्वेचे लहानसे स्टेशन वाचकांपैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. त्या गावी आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची मारुती ८०० ही १९९८ सालची, कार्ब्युरेटरची. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून त्यांनी ती जपून ठेविली आहे. रोह्याचा बाजार, नागोठण्याची कामे, आणि महिन्यातून काही वेळा पेण, एवढा तिचा संचार. महिन्यास सहाशे किलोमीटर धरावे. लिटरला १६ किलोमीटर देणारी ही गाडी १२ वर आली. घरात वर वर्णिलेले तिन्ही पक्ष यथाविधि स्थापन झाले. दोन वर्षांत प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाला. गुण काही येईना.

शेवटी त्या गृहस्थांनी वही घातली आणि एकेक गोष्ट तपासावयास घेतली. सपाट रस्त्यावर गाडी मोकळी सोडून ढकलून पाहिली, तर ती ढकलता येईना. भिसे खिंडीतून फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तर मागले डावे चाक इतरांहून कितीतरी गरम. जॅकवर उचलून फिरविले तर फिरावयास तयार नाही. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे हँडब्रेक ओढून उभी राहत असे. कोकणच्या त्या ओल्या हवेत त्याची तार गंजून आखडली होती, आणि ब्रेक सोडला तरी पुरता सुटत नव्हता. आमच्या भागातील जुने ड्रायव्हर पावसाळ्यात हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतात, त्यात किती शहाणपण आहे हे यावरून कळते. तार बदलली, गाडी साडेतेरावर आली. मग टायरांत ठरलेली हवा भरली आणि पुन्हा मोजले. आकडा चौदाच्या वर गेला. मग चोक पाहिला. तोही दांडी आत ढकलूनही पूर्ण उघडत नव्हता. तो मोकळा केल्यावर गाडी पंधराला टेकली. पूर्वीचे प्लग काळे पडत होते ते या चोकामुळे. मिस्त्रीने प्लग काळे आहेत असे सांगितले ते खरेच होते. पण ते लक्षण होते, कारण नव्हते. आणि त्याला सांगितलेलेही एवढेच होते की, प्लग आणि फिल्टर बदल. विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणाऱ्यास, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही म्हणून लबाड ठरविता येत नाही.

आता उरला तो एक किलोमीटर. त्याचा हिशेबही तितकाच निःपक्षपातीपणे केला पाहिजे. आपल्या देशात पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या लिटराहून सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. पाचव्या हिश्शात एक तृतीयांशाची तूट म्हणजे एकंदरीत पंधरावा हिस्सा, शेकडा ६ ते ७. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातही, मूळच्या शुद्ध पेट्रोलासाठी घडविलेल्या आणि दहा टक्क्यांस जुळवून घेतलेल्या चारचाकी गाड्यांस वीस टक्क्यांच्या मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांची घट येईल, असाच अंदाज दिलेला आहे. १६ चा पंधरावा हिस्सा म्हणजे साधारण एक. वडील पक्ष पेट्रोलास दोष देत होता तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण तुटीच्या चार हिश्शांपैकी एकच त्याचा होता. तीन हिस्से घरच्याच अंगणात उभे होते.

आमच्या मते या लेखाचे मर्म येथेच आहे. अन्याय म्हणजे निर्दोष्यास दोषी म्हणणे एवढाच नव्हे. ज्याचा चार आणे दोष त्याच्या माथी सोळा आणे मारणे हाही अन्यायच होय. आणि त्यातून दुहेरी हानी होते. ज्याच्यावर अधिक आरोप केला तो त्या अतिशयोक्तीकडे बोट दाखवून आपला खरा चार आण्यांचा दोषही झटकून टाकतो. इथेनॉलच्या वादात २०२५ साली हेच घडताना दिसले. एका बाजूने, गाडीचे सारे वाटोळे यानेच केले, असा ओरडा. दुसऱ्या बाजूने, घट नगण्य आहे, अशी समजूत. उसाच्या शेतकऱ्यास बाजार मिळावा, परकीय चलन वाचावे, हे हेतू चांगले आहेत आणि महाराष्ट्रासारख्या उसाच्या प्रांतास ते परके नाहीत. परंतु सार्वजनिक हितासाठी कोणावर भार टाकावयाचा असेल, तर तो किती, हे त्याला आधी आणि स्पष्ट सांगणे हे भार टाकणाऱ्याचे कर्तव्य आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत नसल्यामुळेच जो जुनी वापरतो, त्याच्यावर हा भार अधिक पडतो; आणि पंपावर त्याला निवड करावयास दुसरे पेट्रोल सहसा नसते. ही तक्रार खरी आहे. पण जो आपल्या अंगणातील तीन हिस्से झाडून आला, त्याच्याच तोंडी ती शोभते आणि त्याच्याच तोंडून ती ऐकली जाते.

तरुण पक्षाचा आक्षेप अजून राहिला. गाडी म्हातारी झाली, हे उत्तर ऐकावयास शहाणपणाचे वाटते, पण ते उत्तरच नव्हे. वय हे कारण नसून कारणे साचण्यास मिळालेला अवकाश होय. झिजते ते जेट, गंजते ती तार, कडक होते ते रबर. वय नावाचा कोणताही सुटा भाग गाडीत नसतो. जे बदलता येते त्याला, जे बदलता येत नाही त्याचे नाव दिले, की हातपाय हलवावयास नकोत, ही या उत्तराची मोहिनी आहे. घरातील वृद्ध माणसास कमी ऐकू येऊ लागले, तो थकू लागला, विसरू लागला, तर आपण, वय झाले, एवढे म्हणून मोकळे होतो. कानातला मळ, रक्तातील लोहाची कमतरता किंवा एखाद्या गोळीचा दुष्परिणाम हे पाहावयाचे राहून जाते. वय हे सत्य आहे. पण सर्व उपाय संपल्यावर काढावयाचा तो निष्कर्ष आहे, तपास टाळण्याची सबब नव्हे.

म्हणून जुने ते कधीच टाकू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या धावलेल्या पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून गेली. लोकांस हळहळ वाटली. पण धुराचा आणि सुरक्षिततेचा विचार करता नियम अवाजवी म्हणता येणार नाही. तपासाअंती इंजिनच झिजले आहे असे ठरले, तर गाडीस निरोप देणे हाही न्यायच. आमचा आग्रह एवढाच की, शिक्षा चौकशीनंतर व्हावी, आधी नव्हे.

कोणी म्हणेल, चार पैशांसाठी एवढा खटाटोप हा कंजूषपणा आहे. चार पैशांचाच हिशेब पाहू. निडीच्या त्या गाडीस महिन्यास ५० लिटर लागत होते ते ४० वर आले. लिटरचे शंभर रुपये धरले तरी महिन्यास हजार रुपये वाचले. पण पैसा हा या हिशेबाचा सर्वांत लहान भाग आहे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. ते १० लिटर कोणासही कोठे न पोहोचविता केवळ एक ड्रम तापविण्यात, टायर चेपण्यात आणि काजळी धरण्यात जळत होते, आणि त्यांचा धूर मात्र सर्वांच्या वाट्यास येत होता. शिवाय तापलेला ब्रेक हा आज पेट्रोल खातो आणि उद्या उतारावर दगा देतो. गळणारी नळी आज पैसे खाते आणि उद्या आग लावते. कंजूष माणूस खर्च टाळतो. काटकसरी माणूस नासाडी टाळतो. पहिल्यास पैशाचे प्रेम असते, दुसऱ्यास वस्तूचे आणि ती वापरणाऱ्या माणसांचेही.

सर्व कारणे तपासून झाल्यावर एक कारण मात्र बहुतेक तपासात सुटते. ते म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय. तीच गाडी बाप चालवितो तेव्हा पंधरा देते आणि मुलगा चालवितो तेव्हा तेरा देते, हा अनुभव घरोघरचा आहे. पळस्पे ते इंदापूर या महामार्गाच्या पट्ट्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू होऊन एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. त्या रस्त्यावर खड्ड्याखड्ड्याला ब्रेक आणि सुटताच वेग, अशी सवय पुष्कळांच्या पायास जडली. ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर आधी खर्चिलेले पेट्रोल उष्णता होऊन जाते. जो पुढले पाहून आधीच वेग कमी करतो त्याला ब्रेकही कमी लागतो आणि पेट्रोलही. न्यायाधीश स्वतः आरोपींच्या यादीत असणे हे न्यायशास्त्रास मंजूर नाही. पण संसारात बहुतेक खटले असेच असतात. अशा वेळी वहीतील आकडा हाच त्यातल्या त्यात निःपक्षपाती साक्षीदार, कारण तो बापाचे ऐकत नाही आणि मुलाचेही ऐकत नाही.

आपल्या भाषेत निदान या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोगाचे कारण ओळखणे. दुसरा, कमीत कमी, निदानपक्षी. हे दोन अर्थ एका शब्दात आले यात काही औचित्य आहे, असे आम्हांस वाटते. प्रत्येक दोष दूर करणे आपल्या हाती नसते. गेलेले वय परत येत नाही, रस्ता आपण एकटे बांधू शकत नाही, पंपावर कोणते इंधन यावे हे आपण ठरवीत नाही. पण ज्यास दोष द्यावयाचा त्याचा वाटा किती हे आधी मोजून पाहावे, एवढे तर आपल्या हाती आहे. निदान एवढे तरी.